‘बघू’ इथंच ठेवून जा

लेकरा,

तुझं तिकीट निघालं असं तुझ्या बाबांनी काल सांगितलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकलेली आपल्या घरातली पोर ठिबकच्या प्रशिक्षणाला इस्रायलला निघाली, याचा मला किती आनंद झालाय ते तुझ्या काकूला विचार. तू म्हणालीस, “काका, तुम्ही त्या लोकांबरोबर इतकी वर्षं काम केलंय, मला चार गोष्टी सांगा.” फोनवर त्या सांगून होणार नाहीत, म्हणून लिहून काढतोय. विमानात वाच, आणि तिथं महिना झाला की पुन्हा एकदा वाच. दुसऱ्यांदा जास्त कळेल.

आधी माझी चूक

ही गोष्ट आजवर फक्त तुझ्या काकूला ठाऊक आहे. वीस-बावीस वर्षं झाली असतील. पाथरी तालुक्यात एका शेतकऱ्याच्या चार एकर उसाला ठिबक बसवायचं होतं. आराखडा करायला एक इस्रायली इंजिनिअर आला होता. माणूस हुशार, अनुभवी, वयानं माझ्याएवढाच. त्याच्या हातात विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल होता. त्यावरून त्यानं नुसता जाळीचा फिल्टर धरला.

मला माहीत होतं की त्या भागातल्या विहिरी मार्चात तळ गाठतात. मग लोक जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी आली की पाणी शेततळ्यात भरून घेतात. त्या पाण्याला गाळ असतो, आणि उन्हात तळ्यात शेवाळ धरतं. शेवाळाला जाळी पुरत नाही, दाबाखाली ते पिळवटून पुढं सरकतं. तिथं आधी वाळूचा फिल्टर लागतो, त्याच्यामागं डिस्कचा, आणि बॅकवॉश न चुकता. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं असेल. मलाही येत होतं.

त्यानं मला विचारलं, “ठीक आहे ना?” मी म्हणालो, “हो, ठीक आहे.” तो परदेशातून आलेला, आजूबाजूला चार माणसं बसलेली. सगळ्यांसमोर त्याची चूक काढली तर त्याचा अवमान होईल, असं वाटलं. मनात म्हटलं, नंतर बघू.

एप्रिलात ड्रिपर बंद पडायला लागले. मे महिन्यात निम्म्या सऱ्या पिवळ्या पडल्या. तो इंजिनिअर परत आला, एक लॅटरल कापून हातावर झटकली, तर हिरवट चिखल हातावर आला. “हे पाणी कुठलं?” मी सांगितलं. “तुला हे तेव्हाच माहीत होतं?” मी मान डोलावली. तो माझ्यावर ओरडला असता तर सोसलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “मग तेव्हाच मला थांबवलं का नाहीस?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्याला ते समजावता आलं नसतं. आपल्याकडे पाहुण्याला, साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. आपण ‘बघू’ म्हणतो, ‘करून टाकू’ म्हणतो. ऐकणाराही इथलाच असल्यानं त्यातला नकार त्याला बरोबर कळतो. इस्रायली माणसाला तो कळत नाही. तो तुझा ‘हो’ जसाच्या तसा धरतो आणि त्याच्यावर पुढचं काम उभं करतो. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीतून मी शिकलो.

झेपेल तेवढ्यालाच ‘हो’ म्हण

आकडा दोन दिवसांत देता येणार नसेल तर त्याच क्षणी सांग, “दोन दिवसांत जमणार नाही, पाच लागतील.” समोरचा कुरकुर करेल, “चार का नाही?” म्हणेल. करू दे. पाचव्या दिवशी काम हातात पडलं की तुझ्यावरचा विश्वास पक्का होतो. आज ‘हो’ म्हणून तिसऱ्या दिवशी कारण सांगितलंस तर पुढं सहा महिने तुझा कुठलाही शब्द तो दोनदा तपासेल.

एखादी गोष्ट कळली नाही तर मान हलवू नकोस. आपली मान हलते ती ‘ऐकतेय’ या अर्थानं. ते ती ‘मान्य आहे’ या अर्थानं घेतात. “हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा” हे वाक्य तिथं रोज वापरायचं आहे. त्यात कमीपणा नाही.

वादाला अपमान समजू नकोस

त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, दुग्री. तो अरबीतून आलेला. अर्थ असा की आडपडदा न ठेवता, सरळ तोंडावर. तुझा आराखडा पाहून कुणी म्हणेल, “हे चूक आहे.” आपल्याकडची “छान झालंय, फक्त एक-दोन ठिकाणी...” अशी सुरुवात नसेल. पहिल्या वेळी काळजात कळ येईल. पण लक्षात ठेव, तो कागदाला चूक म्हणतोय, तुला नाही. त्या माणसानं तुझं काम बारकाईनं पाहिलं, म्हणून तो बोलला. ज्या कामाला किंमत द्यायची नसते, त्यावर तो बोलायला थांबतही नाही.

बैठकीत दोघं-तिघं एकाच वेळी बोलतात. तुझं वाक्य मध्येच तोडतात. मीही पहिली बरीच वर्षं माझी पाळी यायची वाट पाहत गप्प बसायचो, आणि बैठक संपून जायची. पाळी तिथं कुणी देत नाही. “थांबा, मला इथं सांगायचंय,” असं स्पष्ट आवाजात म्हण आणि लगेच आकडा पुढं ठेव. दाब किती, प्रवाह किती, एकरी खर्च किती. भावनेवर ते वाद घालतात, मोजलेल्या आकड्यापुढं थांबून विचार करतात.

आणि वाद संपला की संपला. ज्यानं तासभर तुझ्याशी हुज्जत घातली, तोच बाहेर येऊन तुझ्या हातात कॉफी देईल, घरच्यांची चौकशी करेल. त्यानं रात्रीपर्यंत काही धरून ठेवलेलं नसतं. तूही धरून ठेवू नकोस.

‘सर’ सोड, नावानं बोल

तिथं कंपनीच्या प्रमुखालाही पहिल्या नावानं हाक मारतात. शिपाई म्हण, व्यवस्थापक म्हण, सगळे एकाच रांगेत जेवण घेतात. याचं मूळ तुला ठाऊक असायला हवं. ठिबकची गोष्ट तर तू शिकलीच आहेस. सिम्खा ब्लास नावाच्या पाण्याच्या अभियंत्याला एक झाड शेजारच्या झाडांपेक्षा जोमदार दिसलं. त्यानं शोधलं तर बुडाशी नळाची गळती होती, थेंब थेंब पाणी मुळाला मिळत होतं. त्या विचाराचा धंदा उभा राहिला तो 1965 साली, नेगेव वाळवंटाच्या कडेच्या हात्झेरिम किबुत्झमध्ये. किबुत्झ म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मालकीची वस्ती. शेत सामाईक, जेवणघर सामाईक, आणि भांडी घासायची पाळी सगळ्यांना. अशा ठिकाणी जन्मलेल्या कारखान्यात साहेबपण कुठून रुजणार?

दुसरं मूळ लष्करात आहे. तिथं बहुतेक मुला-मुलींना अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा असते. विशी-बाविशीत माणसांची आणि यंत्रांची जबाबदारी अंगावर पडते, आणि चूक दिसली तर वरच्यालाही सांगावी लागते. पुढं नोकरीत असतानाही राखीव सेवेसाठी बोलावणं येतं, त्याला मिलुईम म्हणतात. तुझा सहकारी एकाएकी दोन-चार आठवडे गायब झाला तर हे कारण असू शकतं. त्याचं काम कुणाकडे गेलंय ते विचारून घे आणि परत आल्यावर खुशाली विचार. तिथं काय पाहिलं, काय केलं, हे खोदून विचारू नकोस.

आपण अभिमानानं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो आणि साहेबापुढं बसलो की आवाज खाली जातो. माझा गेला होता. तुझ्या शिवारातली काळी माती पाणी धरून ठेवते, आडवी पसरवते, जास्त झालं तर मुळांची हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रेताड जमिनीचं ड्रिपरचं अंतर आणि पाण्याचा वेळ तिला जसाच्या तसा लावता येत नाही. परभणीच्या शिवाराची ही माहिती त्या खोलीत फक्त तुझ्याकडे असेल. ती सांगण्यासाठी तुला कुणाची परवानगी लागत नाही.

मुद्दा आधी, प्रस्तावना नंतर

‘तख्लेस’ हा दुसरा शब्द तुझ्या कानावर रोज पडेल. म्हणजे मुद्द्याचं बोल, शेवटी काय ते सांग. तुझ्या ईमेलचं पहिलं वाक्य कामाचं असू दे: “सबमेनचा व्यास बदलावा लागेल, कारण शेवटच्या लॅटरलला दाब कमी पडतोय.” त्यांचं उत्तर एका ओळीचं येईल, कधी एका शब्दाचं. वर नमस्कार नाही, खाली आभार नाहीत. त्यानं तो रागावलाय असं समजून रात्र खराब करू नकोस. इंग्रजी त्यांचीही शिकलेली भाषा आहे, त्यामुळं वाक्यं आहेत त्याहून कडक वाटतात.

हाताच्या पाचही बोटांची टोकं जुळवून, ती वर करून कुणी तुझ्यासमोर हात हलवला तर दचकू नकोस. ‘रेगा’, म्हणजे ‘एक क्षण थांब’, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावर, बँकेत, फोनवर बोलता बोलता, सगळीकडे ती खूण चालते.

सांगितलं तेवढंच करणारी होऊ नकोस

‘रोश गादोल’ म्हणजे मोठं डोकं आणि ‘रोश काटान’ म्हणजे लहान डोकं. आकाराशी त्याचा संबंध नाही. जो सांगितलेलं काम करताना त्याच्या पुढचं-मागचंही पाहतो तो पहिला. “मला एवढंच सांगितलं होतं” म्हणतो तो दुसरा. तिथं कुणाला रोश काटान म्हणणं ही मोठी नालस्ती आहे. आपल्याकडच्या नोकरीत वरून आदेश येईपर्यंत हात न लावणं हा शहाणपणा मानतात. तिथं तुला व्हॉल्व्ह गळताना दिसला तर तो तुझ्या यादीत नसला तरी बंद कर आणि मग कळव.

मात्र त्यांचीही एक खोड सांगून ठेवतो. ‘यिहिये बेसेदेर’, म्हणजे ‘होईल सगळं ठीक’. वेळेवर काहीतरी जुगाड करून निभावण्यात ते पटाईत आहेत, आणि त्या भरवशावर आखणी अर्धी सोडतात. हे वाक्य ऐकलंस की हसून विचार, “कसं होईल? कोण करणार? कधी?” ही त्यांची ‘बघू’ आहे असं समज. तुला ती ओळखता येईल, आपण तिच्यातच वाढलोय.

चूक झाली की बसून बोलायचं

त्यांच्या लष्करातून एक रीत कंपन्यांत आली आहे, तखकीर. काम फसलं की सगळे बसतात, लहान-मोठा न पाहता. काय ठरलं होतं, काय झालं, कुठं फाटलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. माझ्या त्या चार एकरांनंतर त्या इंजिनिअरनं अशी बैठक घेतली. पहिली चूक त्यानं स्वतःची सांगितली: “मी उन्हाळ्यात पाणी कुठलं, हे विचारलं नाही.” मग माझ्याकडे पाहिलं. मी माझी सांगितली. माझ्या नोकरीतला तो सर्वांत अवघड दिवस होता आणि सर्वांत उपयोगी. तुझ्यावर अशी वेळ आली तर कारणं देऊ नकोस, दुसऱ्याचं नाव पुढं करू नकोस. आपला वाटा सांगितला की पुढचा माणूसही सांगतो.

शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र

तिथला कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. शुक्रवारी काही ठिकाणी अर्धा दिवस काम असतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बात लागतो, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. बहुतेक ठिकाणी बस आणि आगगाड्या थांबतात, दुकानं बंद होतात. दूध, भाजी, भाकरीचं पीठ शुक्रवारी सकाळीच घेऊन ठेव. धार्मिक सहकारी त्या काळात फोनला हातही लावत नाही, आणि जो धार्मिक नाही त्यालाही तो वेळ घरच्यांसाठी हवा असतो. कामाचा व्हॉट्सॲप पाठवू नकोस.

तुझ्या इकडच्या ऑफिसशी जुळवणी करताना हिशेब असा मांड: आपला रविवार बंद, त्यांचे शुक्रवार-शनिवार बंद. दोघांचे मिळून सोमवार ते गुरुवार हे चारच दिवस हातात. आपलं घड्याळ त्यांच्या पुढं असतं, उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास. इथं सकाळी दहाला बसलेला माणूस तिथं कुणाला तरी साडेसहा-साडेसातला उठवतो.

शब्बात आपल्याला परका नाही, हेही लक्षात असू दे. कोकणात अलिबाग, पेण, रोह्याकडे बेने इस्रायली शेकडो वर्षं राहिले, तेल गाळायचा धंदा केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावं त्यांची. 1948 नंतर त्यांतले बहुतेक जण इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, बिरशेबा, लोद या गावांत त्यांची वस्ती आहे, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथून चालवलं. बाजारात एखादी आजी मराठीत भाव करताना दिसली तर पाया पड आणि बोल. कामाच्या ठिकाणी जे उमगणार नाही ते ती तुला मराठीत एका वाक्यात समजावेल.

शुक्रवारी रात्री कुणी घरी जेवायला बोलावलं तर जरूर जा. कुटुंबाच्या ताटाशी बसवणं हा त्यांचा मोठा मान आहे. निरोप घेताना ‘शब्बात शालोम’ म्हण.

त्यांचं पंचांग जवळ ठेव

त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि आपल्यासारखाच अधिक महिना धरतात, 19 वर्षांत 7. त्यामुळं सण इंग्रजी तारखेनं सरकतात पण ऋतू सोडत नाहीत. ओळखीच्या खुणा सांगतो. बहुतेक वर्षी पुरीम होळीच्या आसपास येतो, आणि पेसाख हनुमान जयंतीच्या पौर्णिमेला लागतो. पेसाखच्या आठवड्यात ज्यू घरांत खमीर घातलेला पाव खात नाहीत, तेव्हा ऑफिसात पावाचा डबा उघडू नकोस. त्यांचं नवं वर्ष, रोश हाशाना, बऱ्याच वर्षी घटस्थापनेच्या दिवसांतच येतं, कधी महिनाभर आधी. त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पुर. तो उपवासाचा दिवस, रस्त्यावर गाडी दिसत नाही, विमानतळही बंद. मग आठवडाभराचा सुक्कोत.

त्या तीन आठवड्यांत कुठलंही काम विचारलंस तर उत्तर एकच मिळेल: “सणांनंतर.” आपलं ‘दिवाळीनंतर’ असतं ना, तसंच. आणि आपला रब्बीचा हंगाम नेमका तेव्हा तोंडावर असतो. सामानाची मागणी, आराखड्याची मंजुरी, जे काही त्यांच्याकडून हवं ते पोळ्याच्या आधी मार्गी लाव. ही एक गोष्ट सांभाळलीस तरी इथल्या ऑफिसला तुझा मोठा आधार वाटेल.

वसंतात दोन दिवस असे येतात की भोंगा वाजतो आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, रस्त्यावर गाड्या थांबवून माणसं खाली उतरतात. एक दिवस नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणाचा, दुसरा युद्धात गेलेल्यांचा. तूही हातातलं ठेवून स्तब्ध उभी राहा. कुणी सांगायची वाट पाहू नकोस.

ताट, हात आणि माणसं

धार्मिक माणसं कोशेर पाळतात: मांस आणि दूध एकत्र नाही, भांडीही वेगळी. ऑफिसच्या स्वयंपाकघरात कुठला मायक्रोवेव्ह आणि कुठला कप्पा कशाचा, हे पहिल्याच दिवशी विचार. आपल्या आजीच्या घरी सोवळं होतं, तू समजून घेशील. कुणाच्या घरी घरचा लाडू नेण्यापेक्षा फुलं किंवा फळं ने, ती सगळ्यांना चालतात. जे पाळत नाहीत तेही पुष्कळ आहेत, म्हणून अंदाज बांधू नकोस, विचार. विचारलेलं तिथं कुणाला टोचत नाही.

धार्मिक पुरुष परक्या बाईशी हात मिळवत नाही. त्यानं हात पुढं केला नाही तर आपला नमस्कार कर. कपड्यांचं फार मनावर घेऊ नकोस. साधा स्वच्छ सदरा आणि शेतात चालतील असे बूट पुरतात.

आणि इस्रायली म्हणजे सगळे ज्यू नव्हेत. पाचांतला एक जण अरब आहे: मुसलमान, ख्रिस्ती, द्रुझ. शेतात, प्रयोगशाळेत, दवाखान्यात ते तुझ्याबरोबर असतील. परभणीच्या उरुसाला आपण लहानपणापासून जातो, ‘सलाम’ म्हणताना तुझी जीभ अडखळणार नाही. दोघांशीही सारखी वाग. तिथल्या युद्धाबद्दल दोन्हीकडचे लोक तुझ्याशी बोलतील, कारण घराघरात कुणी ना कुणी गमावलेलं आहे. ऐक, दुःखाला दुःख म्हण. निवाडा करायला आपण गेलेलो नाही.

पगार किती, लग्न कधी, घरभाडं किती, हे प्रश्न ते बिनधास्त विचारतील. आपल्या गल्लीत तेच विचारतात. सांगायचं असेल तर सांग, नसेल तर “नाही सांगत” म्हण. तेवढं पुरतं.

भाव करताना

आपण फसलो, बावळट ठरलो, याची त्यांना फार चीड असते. अशा माणसाला ते ‘फ्रायर’ म्हणतात. म्हणून ते प्रत्येक किंमत घासून घेतात, प्रत्येक अट उलटून पाहतात. तू पहिल्याच आकड्याला मान्यता दिलीस तर त्यांना वाटतं काहीतरी लपवलंय. कारण विचार, हिशेब माग, तुझा आकडा समोर ठेव. ठरलं की त्याच दिवशी चार ओळींत लिहून दोघांना पाठव. तोंडी ठरलेलं दोन्हीकडे वेगवेगळं आठवतं.

हे सगळं कशासाठी

आपल्या भागाचा आणि त्यांचा संबंध आता जुना झाला. भारत-इस्रायल राजनैतिक संबंध 1992 साली सुरू झाले. 2007 साली जळगावच्या जैन इरिगेशननं नानदान या इस्रायली कंपनीत निम्मा वाटा घेतला, म्हणजे खानदेशातली माणसं आणि किबुत्झची माणसं एका टेबलाशी मालक म्हणून बसली. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेत केशर आंब्याचं इस्रायली सहकार्यातलं केंद्र आहे, आणि ते आपल्याच परभणीच्या विद्यापीठाचं आहे. 2018 साली मराठवाड्याच्या पाणी ग्रीडचा आराखडा करायला राज्यानं मेकोरोट या इस्रायलच्या सरकारी पाणी कंपनीला सोबत घेतलं. आपलं विद्यापीठ 1972 च्या मे महिन्यात सुरू झालं, महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाच्याच वर्षी. पाण्यासाठी शिकणं आणि पाण्यासाठी माणसं जोडणं हे आपल्या भागाच्या नशिबातच आहे. तू त्या कामाला निघालीस.

शेवटचं, आणि हेच खरं

त्या शेतकऱ्याचं सांगायचं राहिलं. आम्ही वाळूचा फिल्टर बसवला, ॲसिडनं नळ्या धुतल्या, पण त्या वर्षीचा ऊस गेला तो गेला. दुपारी त्यानं आम्हा दोघांना बांधावर भाकरी खाऊ घातली. मला घास उतरेना. मी त्याला विचारलं, “दादा, जाळीचा फिल्टर बसवताना तुम्हाला काही वाटलं नव्हतं?”

तो म्हणाला, “वाटलं होतं साहेब. शेवाळानं आधी माझा तुषारचा संच बंद पडला होता. पण तुम्ही शिकलेले, तुम्हाला कसं सांगावं?”

म्हणजे तो मला सांगू शकला नाही आणि मी त्या इंजिनिअरला. मी त्या माणसापुढं जसा बसलो होतो, तसाच हा माझ्यापुढं बसला होता, आणि ते मला दिसलंच नव्हतं.

दोन वर्षांनी तू परत येशील तेव्हा बांधावरचा माणूस तुला ‘मॅडम’ म्हणेल. तू जे सांगशील त्याला ‘हो’ म्हणेल. तिथं शिकलेलं तोंडावर बोलणं त्याच्यावर चालवू नकोस, तो दुखावेल आणि आणखी गप्प होईल. आपली नरमाई त्याच्यासाठी राखून ठेव. पण त्याला “ठीक आहे ना?” असं कधीही विचारू नकोस. विचार, “उन्हाळ्यात पाणी कुठून घेता? मागचा संच कशानं बंद पडला?” आणि त्याच्या शेजारी खाली बसून विचार. मग तो सांगतो.

पोचलीस की फोन कर. काकूनं मेतकूट आणि ज्वारीचं पीठ बांधून ठेवलंय, ते न्यायला रविवारी घरी ये.

तुझा,
काका